अल्कलाइन मशीन की तांब्याची कळशी?

सिंहगड रस्त्यावरची माझी मावशी महिनाभर याच पेचात आहे: पिण्याचं पाणी विजेने अल्कलाइन, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचं, करणारं मशीन घ्यायचं की कळशी.

मशीनचा विक्रेता तिला सांगून गेला की या पाण्याचे रेणू षटकोनी होतात आणि त्याचं सूत्र एच-थ्री-ओ-टू. मावशी, षटकोनी जाळी बर्फात असते. द्रवातले रेणूंमधले हायड्रोजन बंध सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाच्या आसपास तुटतात आणि नवे जुळतात. तिथे कुठला आकार टिकणार? शिवाय एच-थ्री-ओ-टूवर ऋण भार येतो, नुसत्या त्याने बाटली भरताच येत नाही. विद्युत विघटनाने पाणी अल्कलाइन होतं, हे मात्र खरं. पण जठरातलं आम्ल ते लगेच उदासीन करतं, आणि रक्ताचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) ७.३५ ते ७.४५ फुप्फुसं आणि मूत्रपिंडंच राखतात.

कळशीत रात्रभर पाणी ठेवलं की किंचित तांबं उतरतं आणि बरेच जिवाणू मरतात. क्षार मात्र तसेच राहतात.

खर्चाचं काय बोलायचं, कळशी कितीतरी स्वस्त. कष्ट मात्र कळशीलाच जास्त: तळाशी हिरवट कडं धरलं की चिंच-मीठ लावून अंगठ्याने घासायचं, आणि ताक-सरबत त्यात कधीच ठेवायचं नाही.

नळाचं पाणी येत असेल तर ते उकळून कळशीत भर. बोअरचा टँकर लागत असेल तर दोन्ही सोड, आरओ, म्हणजे क्षारही काढणारा फिल्टर, बघ. चवच आवडली आणि पैसा हाताशी असेल, तरच मशीन; काकांच्या किडनीचं दुखणं आहे, तेव्हा आधी डॉक्टरांना विचार.