जुन्या मशीनवर एक्सएफसीई की एलएक्सक्यूटी?

विंडोज ११ चढत नाही, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकायचं ठरवलंत, तर पुढचा प्रश्न डेस्कटॉपचा, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या, मेनू, पट्टी सांभाळणाऱ्या भागाचा. एक्सएफसीई आणि एलएक्सक्यूटी हे त्यातले दोन हलके पर्याय. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. तिथल्या ऑफिसात कोअर टू ड्युओ, २ जीबी रॅमचं मशीन आहे. त्यावर मी दोन्ही डेस्कटॉप तीन-तीन महिने चालवले.

नुसता वेग बघायचा तर एलएक्सक्यूटी पुढे. पासवर्ड टाकून खुर्ची सरकवेपर्यंत पॅनल समोर हजर. लुबुंटू या हलक्या लिनक्सने २०१८ मध्ये १८.१० पासून तोच घेतला, ते उगाच नाही. एक्सएफसीई आधी जरा जड वाटला. ‘विंडो मॅनेजर ट्वीक्स’मध्ये जाऊन कंपोझिटर (खिडक्यांच्या सावल्या, पारदर्शकता दाखवणारा भाग) बंद केला, सुरुवातीलाच उठणारे ब्लूटूथ वगैरे काढून टाकले, लॉगआउटला सेशन सेव्ह होणं थांबवलं. मग उरलेला फरक मला तरी हाताला जाणवला नाही. तसंही ब्राउझरमध्ये पाच टॅब उघडले की रॅम तिथेच जाते, डेस्कटॉप कोणताही असो. आणि आमच्यासारखं मशीन मागाजवळ असेल तर आधी पंखा उघडून बघा. सुताची धूळ साचली की प्रोसेसर तापतो आणि आपला वेग आपणच कमी करतो. एप्रिल-मेमध्ये हे फार जाणवतं.

माझा निर्णय झाला तो मराठी टायपिंगवर. हिशेब लिहिणारे काका इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर सरावलेले. एलएक्सक्यूटीत आयबस हा भाषा बदलून टाइप करू देणारा प्रोग्रॅम बसवला, लिबरऑफिसमध्ये मराठी छान उमटायला लागलं. पण फाइलला नाव द्यायला एफ-टू दाबलं की इंग्रजीच. काका पुन्हा पुन्हा भाषा बदलून बघायचे आणि शेवटी मला हाक मारायचे. कारण साधं होतं: लिबरऑफिस तिथे जीटीकेवर चालत होतं, फाइल मॅनेजर क्यूटीवर (प्रोग्रॅमच्या खिडक्या, बटणं बनवायचे हे दोन वेगळे संच), आणि क्यूटीला आयबस वापरायला वेगळं सांगावं लागतं. सेशन सेटिंग्जमध्ये ते लिहिल्यावर चाललंही. पण नंतर कधी कधी पॅनलवरचं भाषेचं चिन्हच दिसायचं नाही. कोणती भाषा चालू आहे हे दिसत नसेल, तर पार्टीचं नाव लिहिताना माणूस बिचकतो. कदाचित माझ्याच सेटिंगमध्ये काही राहिलं असेल. एक्सएफसीईत मात्र थुनार हा फाइल मॅनेजर, फायरफॉक्स, लिबरऑफिस, सगळं जीटीकेवरच, त्यामुळे सगळीकडे पहिल्या दिवसापासून मराठी उमटलं.

मशीनवर तुम्ही स्वतःच बसणार असाल आणि इंग्रजीतच काम असेल, तर एलएक्सक्यूटी खुशाल घ्या. रॅम १ जीबीच असेल तर तोच बरा. घरातल्या किंवा दुकानातल्या दुसऱ्या कुणाच्या हाती मशीन द्यायचं असेल, तर मी एक्सएफसीई म्हणेन. गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या वेळच्या ऑर्डरींची फाइल यंदा काकांनी ‘गड्डा टॉवेल’ नावाने स्वतःच सेव्ह केली.