ग्लेझ आणि सीलंट: सांगलीच्या उन्हापाण्यात आठ महिने वापरल्यावर

काळ्या हॅचबॅकच्या बॉनेटवर मास्किंग टेपने चार पट्टे पाडून ऑक्टोबरमध्ये, पाऊस उघडल्यावर, चाचणी सुरू केली आणि जूनच्या पहिल्या पावसात थांबवली. पहिल्या पट्ट्यावर नुसतं ग्लेझ, म्हणजे रंगावरचे ओरखडे झाकणारी तेलकट चमक. दुसऱ्यावर ग्लेझ आणि त्यावर सीलंट, म्हणजे रंग जपणारा पातळ थर. तिसऱ्यावर रंग अल्कोहोलने पुसून सीलंटचे दोन हात. चौथा कोरा. ही गाडी सांगलीच्या विश्रामबाग भागात बारा महिने उघड्यावर असते. जोडीला मिरजेतली एक पांढरी सेडान, पत्र्याच्या शेडखाली उभी राहणारी.

निकाल आधीच सांगायचा तर, काळ्या रंगावर ग्लेझ पहिल्या दिवशी झकास दिसतं, पण त्याच्यावर मारलेलं सीलंट लवकर सुटतं. आणि आपल्याकडे या दोन बाटल्यांपेक्षा गाडी कोणत्या पाण्याने धुता, याचा फरक जास्त पडतो.

दुकानात ‘पॉलिश’ मागितलं की यातलं काहीही हातात पडतं, म्हणून नावांचा घोळ आधी सोडवायला हवा. कंपाउंड किंवा पॉलिश रंगाचा वरचा थर घासून ओरखडा खरोखर काढतं. ग्लेझ काहीच काढत नाही. त्यातली तेलं आणि बारीक भरण त्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल ओरखड्यांत जाऊन बसतात, उजेड विखुरायचा कमी होतो आणि रंग ओला, खोल दिसतो. सीलंट म्हणजे पॉलिमरचा पातळ पापुद्रा, मेणाचंच काम जास्त दिवस करणारा. लेबलवर विसंबू नका. मेग्वायर्स या अमेरिकी कंपनीच्या ‘मिरर ग्लेझ’ मालिकेत रंग कापणारी कंपाउंडंही येतात, आणि क्लासे या जुन्या जर्मन सीलंटच्या नावातच ‘ग्लेझ’ आहे. मेग्वायर्सचं नंबर 7 मात्र खरं ग्लेझ: तेलकट, संरक्षण जवळपास शून्य, आणि नव्याने रंगवलेल्या पॅनेलवरही चालणारं. ताज्या रंगातला थिनर उडून जायला वेळ लागतो. गॅरेजातून दरवाजा रंगवून आणला असेल तर त्याला सीलंट लावायला किमान महिनाभर थांबा. भट्टीत न तापवलेल्या रंगाला दोन महिने द्या.

तयारीत निम्म्याहून जास्त वेळ जातो आणि निकाल तिथेच ठरतो. दोन बादल्या घ्या, एक शाम्पूची, एक नुसत्या पाण्याची, दोन्हींच्या तळाशी जाळी. कार शाम्पू 10 लिटरला साधारण 20 मिली. कपड्यांची पावडर नको. धुतल्यावर गाडीच्या गार पत्र्यावर आयर्न रिमूव्हर, म्हणजे लोखंडाचे कण विरघळवणारा फवारा, मारून तीन-चार मिनिटं थांबा; जिथे लोखंडाचा कीस रुतला असेल तिथे जांभळे ओघळ येतात. हायवेला रोज असणाऱ्या गाडीच्या मागच्या बंपरवर ते दिसतातच, पण मिरज जंक्शनच्या आसपास उभ्या राहणाऱ्या पांढऱ्या सेडानच्या छतावर जास्त दिसले, कारण रुळांवरून उडणारी लोखंडी धूळ वरूनच बसते. ओघळ वाळू द्यायचे नाहीत, लगेच धुवायचे.

मग क्ले, म्हणजे रंगात रुतलेली घाण ओढून काढणारा मातीसारखा मऊ गोळा. हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून बॉनेटवरून बोटं फिरवा. कचकच लागली तर क्लेची गरज आहे. 50 ग्रॅमचा अर्धा तुकडा हॅचबॅकला पुरतो. शाम्पूचं पाणी सढळ ठेवा, बोटांचं वजनही टाकू नका. तुकडा जमिनीवर पडला की तो गेला. धुऊन परत वापरण्याची काटकसर नंतर पॉलिशमध्ये फेडावी लागते. काळ्या रंगावर क्लेनंतर पुसट रेघा येतातच. त्या बारीक पॉलिशने काढाव्या लागतात, शक्यतो ड्युअल ॲक्शन मशीनने (पॅड गोल फिरता फिरता डोलतो ते), कारण हाताने काळा रंग एकसारखा होत नाही.

इथे एक हिशेब लक्षात असू द्या. कंपनीतून आलेल्या गाडीवर रंगाची एकूण जाडी साधारण 100 ते 120 मायक्रॉन असते आणि त्यातला वरचा पारदर्शक थर 40 ते 50 मायक्रॉनचा. प्रत्येक कंपाउंडिंगला त्यातले काही मायक्रॉन कायमचे जातात. दर दिवाळीला ‘रबिंग-पॉलिश’ करून घेतलेल्या दहा वर्षांच्या गाडीवर कापायला फारसं उरलेलं नसतं. ग्लेझचा खरा उपयोग अशा गाडीला आहे. नव्या गाडीचे ओरखडे ग्लेझने झाकणं म्हणजे ओल आलेल्या भिंतीवर चुना फासणं.

सीलंटआधी रंग पूर्ण कोरा हवा. मेडिकलमध्ये मिळणारं 70 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल एक भाग, बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर चार भाग, एवढ्या मिश्रणाने पुसलं की पॉलिशचं तेल निघतं. उरलेला सॅनिटायझर वापरू नका, त्यात बहुधा ग्लिसरीन असतं आणि ते तवंग सोडतं. आता पेच असा, की ग्लेझ म्हणजे मुळात तेलच. अल्कोहोलने पुसलं तर ग्लेझ जातं, न पुसता सीलंट मारलं तर ते रंगाला नाही, तेलाला चिकटतं. दुसरा पट्टा तिसऱ्याआधी का हरला, त्याचं कारण हेच.

लावण्याची पद्धत दोन्हींची सारखी आहे. सकाळी नऊच्या आत, सावलीत, पत्रा हाताला गार लागत असताना. फोमच्या ॲप्लिकेटरवर हरभऱ्याएवढे चार थेंब घेतले की अर्ध्या बॉनेटला पुरे. आधी आडवा, मग उभा हात. थर इतका पातळ, की लावलंय की नाही ते तिरकं पाहिल्याशिवाय कळू नये. सीलंटच्या एका हाताला अख्ख्या हॅचबॅकला 20 ते 25 मिली लागतं, म्हणजे 473 मिलीची बाटली वीसेक वेळा पुरते. चौघांत एक घेतली तरी चालते. धुरकट झाल्यावर बोट ओढून बघा. बोटाखाली स्वच्छ चमक आली तर पुसायची वेळ झाली, फरकाटा उठला तर थांबा. ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत वीस मिनिटं लागली. ढगाळ, दमट दिवशी याच्या दुप्पट धरा.

दुसरा हात बारा तासांनी, आणि तोवर पाण्याचा थेंब नको. ऑक्टोबरात दिवस कोरडा असला तरी पहाटे दव पडतं, हे उघड्यावर गाडी लावणाऱ्यांच्या ध्यानात राहत नाही. पहिली रात्र गाडी छताखाली काढा. कव्हर घालू नका; कच्च्या थरावर कापड घासलं जातं.

चुका बहुतेक जाड थरातून होतात. दिवसा गाडी ठीक दिसते आणि रात्री पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली इंद्रधनुषी पट्टे उठतात. उपाय सोपा आहे: त्याच सीलंटचा ओलसर ॲप्लिकेटर पट्ट्यावरून फिरवून लगेच पुसा, जुना थर सैल होऊन निघतो. काळ्या प्लास्टिकवर पांढरे डाग राहिले तर ऑल-पर्पज क्लीनर एकास दहा पातळ करून जुन्या टूथब्रशने घासा. त्यापेक्षा आधीच टेप लावलेली बरी. फडकी 350 जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम) आसपासची मायक्रोफायबर, लेबल कापलेली आणि फॅब्रिक कंडिशनर न लावलेली.

आता महिन्यांचा हिशेब. नुसत्या ग्लेझचा पट्टा पहिल्या दिवशी सगळ्यात उठून दिसत होता. तिसऱ्या धुण्यानंतर गोल ओरखडे पुन्हा डोकावले आणि नोव्हेंबर संपताना तो कोऱ्या पट्ट्यात मिसळून गेला. ग्लेझवरच्या सीलंटने ओरखडे डिसेंबरअखेरपर्यंत झाकले, पण जानेवारीतच पाणी गोल थेंब न धरता पसरायला लागलं, म्हणजे सीलंट सुटत चाललं. तिसरा पट्टा मार्चपर्यंत व्यवस्थित होता, एप्रिलच्या उन्हात ढिला पडला. दरवाजांवर तेच सीलंट जूनच्या पावसातही काम करत होतं. बॉनेट आणि छत नेहमी आधी जातात, कारण ऊन सरळ तिथे येतं. त्यामुळे बाटलीवरचा ‘सहा महिने’ हा आकडा दरवाजांचा समजावा. पांढऱ्या सेडानवर ग्लेझ लावलेली आणि न लावलेली बाजू दिवसाउजेडी ओळखू आली नाही. पांढरी, चंदेरी गाडी असेल तर ग्लेझचे पैसे वाचवा.

पाणी कमी गोळा होतंय म्हणजे सीलंट गेलंच, असंही नाही. धुळीचा थर बसला की थेंब धरत नाहीत. एकदा नीट शाम्पू, गरज पडली तर आयर्न रिमूव्हर, आणि मग निवाडा करा. जानेवारीत दुसऱ्या पट्ट्याला ही संधी दिली होती, तो उठला नाही. फेब्रुवारीत तिसरा उठला.

बोअरचं पाणी हा सगळ्या उपद्रवाचा मूळ पुरुष. क्षाराचं पाणी सीलंटवर गोल थेंब धरतं, थेंब उन्हात जागच्या जागी आटतो आणि पांढरी कडी मागे राहते. म्हणजे जे थेंब बघून आपण खूश होतो तेच डाग पाडतात. कोऱ्या पट्ट्यावर पाणी पसरून वाळल्यामुळे डाग पुसट होते. शेवटचा हात तरी नळाच्या पाण्याचा द्या आणि लगेच टॉवेलने टिपून घ्या. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी बादलीत साठवून गाडीवर ओतण्याची पद्धत घरोघर आहे. पाणी वाचतं खरं, पण त्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. लादी पुसायला वापरा, गाडीला नको. कडी पडलीच तर पांढरं व्हिनेगर आणि डिस्टिल्ड वॉटर समसमान, सावलीत, दोन मिनिटं, मग भरपूर पाणी. तरी राहिली तर क्षाराने रंगच खाल्लाय. ते काम पॉलिशचं.

गळीत हंगामात पाचट पेटवलं की काळी राख उडते आणि सकाळी छतावर असते. ती कोरड्या फडक्याने झटकणं ही गोल ओरखड्यांची सुरुवात. रोज बादलीभर पाण्यात एकच फडकं बुचकळून चार गाड्या पुसणाऱ्या माणसाला सांगा, की पुसू नकोस, नुसतं पाणी मार. तासगावकडे द्राक्षबागेच्या बांधाला गाडी लावली तर ऑक्टोबर छाटणीनंतरच्या फवारणीत बोर्डो मिश्रणाचे निळसर ठिपके येतात. मोरचूद आणि चुना. वाळल्यावर घासला तर चुना खरकागदासारखा ओढतो. सीलंट असलेल्या बाजूचे ठिपके प्रेशरने सुटले, कोऱ्या बाजूला व्हिनेगरचं पाणी लागलं. चिमणी-कावळ्याच्या विष्ठेपुढे मात्र कुठलंच सीलंट उभं राहत नाही. उन्हात रंग मऊ होतो, संध्याकाळी विष्ठेभोवती आकसतो आणि ठसा राहतो. ओलं फडकं पाच मिनिटं वर ठेवून उचलायचं, एवढंच हातात आहे.

दसऱ्याची पूजा सीलंटच्या दुसऱ्या हातानंतर एक दिवस सोडून करा. हळदीचा डाग उन्हात आपसूक विटतो, कुंकवाचा पांढऱ्या रंगावर रेंगाळतो. सीलंटवर तो शाम्पूने निघाला. स्वस्तिक काचेवर काढलं तर प्रश्नच नाही, फक्त त्या काचेला सीलंट लावू नका, वायपर थरथरतो.

यंदा काळ्या गाडीलाही ग्लेझ नाही. बारीक पॉलिश, अल्कोहोल, सीलंटचे दोन हात, आणि बॉनेट-छतावर फेब्रुवारीत आणखी एक. उरलेलं ग्लेझ शेजारच्या जुन्या, काळ्या गाडीला. बाटली एप्रिलमध्ये डिकीत ठेवू नका. तेल वर येतं, भरण तळाला घट्ट बसतं आणि कितीही हलवलं तरी एकजीव होत नाही.