मुक्तांगण, येरवडा : धाकट्या भावाच्या वेळचा अनुभव

भावाची दारू सोडवायला आम्ही त्याला मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं होतं. त्याबद्दल बरेच जण इनबॉक्समधे विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहिते.

आधी भावाला दुसऱ्याच एका केंद्रात ठेवलेलं, नाव नको. कोंडून ठेवायचं आणि लाज वाटेल असं बोलायचं, एवढीच ट्रीटमेंट. तीन महिन्यांनी सोडला आणि त्याच संध्याकाळी एसटी स्टँडमागे पिऊन पडलेला सापडला. त्यात आईने कुणाच्या तरी सांगण्यावरून त्याला न सांगता चहातून दारू सोडवायची पावडर दिलेली. प्लीज असं करू नका, अशी काही औषधं पोटात असताना दारू प्यायली तर जिवावर बेतू शकतं.

मुक्तांगण १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलं, पुलं-सुनीताबाईंचा मोठा हातभार होता, हे माहीतच असेल. पण मला सांगायचंय ते तिथल्या समुपदेशक दादांबद्दल, ते स्वतः व्यसनातून बाहेर पडलेले. पहिल्या दिवशी भावाचे हात एवढे थरथरत होते की पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरावा लागत होता (दारू एकदम तोडली की फिटसुद्धा येऊ शकते, म्हणून हे डॉक्टरच्या देखरेखीखालीच करा, घरी नको). दादांनी किती पितोस, का पितोस काही विचारलंच नाही. "रात्री झोप लागते का रे?" एवढंच. आणि हा रडायलाच लागला, म्हणाला बाबा गेल्यापासून नीट झोपलोच नाहीये. सहा वर्षं झाली होती बाबांना जाऊन आणि आमच्यापैकी एकानेही त्याला हे विचारलं नव्हतं.

नंतर वाचलं, अमेरिकेत १९९० च्या दशकात दारूचं व्यसन असलेल्या १७२६ जणांवर तीन वेगवेगळ्या थेरपी वापरून बघितल्या, तर तिन्हींचा गुण जवळपास सारखाच आला. मला ते लगेच पटलं. पद्धत कुठली ते बघाच, पण समोरचा माणूस ऐकून घेतोय की नुसता झापतोय ते आधी बघा.

भावजय तिथल्या सहचरी गटात (व्यसनी माणसांच्या बायकांचा गट) जायला लागली, खिसे तपासणं आणि बाटल्या शोधणं तिने हळूहळू बंद केलं. याचा घरात फार फरक पडला.

तिथे राहण्यासाठी त्याला नोकरीतून ३५ दिवसांची सुटी मिळवताना मात्र नाकीनऊ आले. आणि घरी आल्यावर चौथ्या महिन्यात तो एकदा प्यायलाच. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला कळायच्या आत त्याने स्वतःच दादांना फोन केला होता, दुपारच्या गाडीने पुण्याला गेलासुद्धा. अजून फॉलोअपला जातो, एकटाच जातो.