क्रिल तेलाची कॅप्सूल : डबीवरचा 1 टक्का

लालभडक, करंगळीच्या पेराएवढी कॅप्सूल. डबीवर पेंग्विन, बर्फ आणि दोन दावे. एक, यातलं ओमेगा-3 साध्या माशाच्या तेलापेक्षा अंगी चांगलं लागतं. दोन, त्यासाठी अंटार्क्टिकातल्या क्रिलच्या, म्हणजे कोळंबीसारख्या दिसणाऱ्या इवल्या समुद्री जीवाच्या, साठ्याचा जेमतेम 1 टक्का उचलला जातो. दोन्ही दावे खोटे नाहीत. पण पहिला अर्धवट आहे आणि दुसरा भलत्याच प्रश्नाचं उत्तर देतो.

आधी मात्रेचा हिशोब. क्रिलच्या 500 मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये साधारण 60 मिलिग्रॅम ईपीए आणि 30 मिलिग्रॅम डीएचए असतं (ओमेगा-3 मधली कामाची दोन मेदाम्लं). 1000 मिलिग्रॅमच्या साध्या फिश ऑइलमध्ये हेच आकडे सहसा 180 आणि 120. दिवसाला दोन्ही मिळून 250 मिलिग्रॅम हवं असेल तर फिश ऑइलची एक पुरते, क्रिलच्या तीन लागतात. म्हणजे 60 कॅप्सूलची डबी 20 दिवसांत संपते. क्रिलमधलं ओमेगा-3 फॉस्फोलिपिड नावाच्या, पाण्यातही मिसळणाऱ्या स्निग्ध पदार्थाला जोडलेलं असतं आणि काही चाचण्यांमध्ये ते रक्तात थोडं जास्त उतरलेलं दिसलं आहे. मात्र हा फरक तिपटीची तूट भरून काढण्याएवढा नाही. दुकानात तुलना करायची तर डबीची किंमत भागिले कॅप्सूलची संख्या, भागिले एका कॅप्सूलमधलं ईपीए अधिक डीएचए, गुणिले 100, म्हणजे दर 100 मिलिग्रॅमची किंमत, एवढं मोबाइलवर करून बघा. समोरच्या छापातला 'ओमेगा-3' किंवा 'क्रिल तेल' हा आकडा यात धरू नका. मागच्या बारीक अक्षरांतले ईपीए-डीएचएच घ्या.

अस्सलपणा घरी तपासता येतो. कॅप्सूल कापून तेल कोमट पाण्यात ढवळा. क्रिलचं तेल फॉस्फोलिपिडमुळे पाण्यात मिसळून गढूळ होतं, साधं फिश ऑइल थेंब-थेंब वर तरंगतं. लाल रंग ॲस्टाझँथिन या रंगद्रव्याचा. तो तपकिरीकडे झुकला असेल, वासही सडक्या माशासारखा असेल, तर डबी परत करा. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत डबी उघडी राहिली तर कॅप्सूल मऊ पडून एकमेकींना चिकटतात, गळतातही. आतली सिलिका जेलची पुडी फेकू नका.

तेल महाग का, ते जहाजावर गेल्याशिवाय कळत नाही. क्रिल मेला की त्याच्याच पाचकरसांनी तो आतून विरघळू लागतो, आणि कवचातलं फ्लोराइड मांसात उतरतं. त्यामुळे काही तासांत प्रक्रिया व्हावीच लागते, म्हणून जहाज म्हणजे तरंगता कारखाना. जाळं वर ओढलं तर खालचा माल चेंगरतो, म्हणून काही जहाजं जाळं पाण्यातच ठेवून क्रिल पंपाने सतत वर खेचतात. जहाजावर तो शिजवून, वाळवून त्याची भुकटी करतात. कॅप्सूलचं तेल सहसा त्या भुकटीतून इथेनॉलने काढतात. (आपला जवळा म्हणजे क्रिल नव्हे. जवळा कोळंबीच्या गणातला, क्रिलचा गणच वेगळा. दिसायला मात्र सख्खे भाऊ.)

आता तो 1 टक्का. अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्राचा दक्षिण अटलांटिकच्या बाजूचा भाग, म्हणजे मासेमारीचं क्षेत्र 48, तिथे 2019 साली जहाजांवरच्या प्रतिध्वनी यंत्रांनी मोजणी झाली आणि साठा 6 कोटी 26 लाख टन निघाला. 2000 सालच्या मोजणीत तो 6 कोटी 3 लाख होता. त्या जुन्या आकड्याच्या 9.3 टक्के, म्हणजे 56 लाख 10 हजार टन, ही सावध मर्यादा अंटार्क्टिक समुद्रातल्या जीवांचं संवर्धन पाहणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने (सीसीएएमएलआर) ठरवली. नियम असा की मासेमारी धरूनही सरासरी 75 टक्के साठा समुद्रात राहिला पाहिजे. साध्या माशाला 50 टक्के चालतात. इथे जास्त, कारण देवमासे, सील आणि पेंग्विन याच ताटात जेवतात. त्याहीखाली 6 लाख 20 हजार टनांवर एक थांबा ठेवलेला आहे: एवढा माल निघाला की मासेमारी बंद. हाच तो 1 टक्का.

पण पेंग्विनला साऱ्या क्षेत्र 48 मधला क्रिल कामाचा नाही. पिल्लं वाढवताना तो घरट्यापासून फार दूर जाऊ शकत नाही. जहाजंही जिथे थवे दाट, तिथेच गोळा होतात, उदाहरणार्थ अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळच्या ब्रान्सफील्ड सामुद्रधुनीत. म्हणून 2009 पासून त्या 6 लाख 20 हजारांची वाटणी होती: द्वीपकल्पाजवळच्या 48.1 या उपक्षेत्राला 25 टक्के, 48.2 ला 45, 48.3 ला 45, 48.4 ला 15. बेरीज 130 येते, ती चूक नव्हे. बर्फामुळे एक भाग बंद झाला तर जहाजांना दुसरीकडे सरकता यावं म्हणून ती ढील होती. ही वाटणी आयोगाच्या 2024 च्या बैठकीत पुढे चालू ठेवण्यावर एकमत झालं नाही आणि ती गेली. एकूण थांबा उरला, पण तो माल कुठून काढायचा याला बंधन उरलं नाही. पुढच्याच हंगामात, 1 ऑगस्ट 2025 ला, इतिहासात पहिल्यांदा 6 लाख 20 हजारांची रेघ गाठली गेली आणि मासेमारी बंद झाली. हंगाम 30 नोव्हेंबरपर्यंत असतो. चार महिने आधीच गल्ला भरला.

हे निर्णय घेणाऱ्या आयोगाचं कार्यालय टास्मानियातल्या होबार्टला आहे. भारत 1986 पासून त्याचा सदस्य आहे, आणि तिथे बहुमत चालत नाही, एकमतच लागतं. एका देशाची 'नाही' पुरेशी असते.

निळा एमएससी (शाश्वत मासेमारीला प्रमाणपत्र देणारी संस्था) शिक्का असेल तर तो त्या विशिष्ट मासेमारीला आणि जहाजांना मिळालेला असतो, साऱ्या क्रिलला नाही. शिक्क्याजवळ एमएससी-सी ने सुरू होणारा क्रमांक शोधा आणि त्यांच्या संकेतस्थळावर टाकून बघा. क्रमांक नसेल तर तो शिक्का नुसतं चित्र समजा. उपक्षेत्राचा क्रमांक मात्र डबीवर सहसा नसतो. विक्रेत्याला ईमेल करून 48.1 की 48.2 असं विचारून बघा. उत्तर आलं तर ती कंपनी आमच्या यादीत वर जाते.

घ्यावी का? मासे खाणाऱ्याने नको. आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली खाल्ली तर हे सगळं ताटातच मिळतं. मासे न खाणाऱ्याला, फिश ऑइलचे ढेकर सहन न होणाऱ्याला ही कॅप्सूल सोयीची आहे. ती शाकाहारी नाही, तपकिरी त्रिकोण पाहून घ्या. जिलेटिन कशाचं हेही वाचा. कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असेल तर हात लावू नका. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.