स्टुडिओतला घरगुती फाइल सर्व्हर : सात महिन्यांनंतर

लग्नाचे फोटो काढणं हा आमचा धंदा. एका लग्नाचे रॉ फोटो (कॅमेऱ्यातल्या मूळ, मोठ्या फाइली) सहज ८० जीबी होतात. पूर्वी ते पोर्टेबल डिस्कवर या टेबलावरून त्या टेबलावर फिरायचे. ऐन सीझनमध्ये एक डिस्क खाली पडली आणि मी कानाला खडा लावला. जुना आय-थ्री डेस्कटॉप धूळ खात होता, ४ जीबी रॅमचा. त्यावर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) आणि सांबा (विंडोजच्या कॉम्प्युटरना नेटवर्कवरून फाइली पुरवणारा प्रोग्राम) टाकलं, ४ टीबीच्या दोन डिस्क मिरर केल्या, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा.

पहिला महिना नुसता मनस्ताप. कॉपीचा वेग सेकंदाला ११ एमबीच्या वर सरकेना, म्हणजे एक लग्न चढवायला दोन तास. अल्बम डिझायनर म्हणायची, "दादा, फाइल येतेय तोवर चहा कशाला, जेवूनच येते." मी आधी डिस्कला शिव्या घातल्या, मग सांबाला. नेटवर जागोजागी दिसणारी ती सांबाच्या सेटिंगमधली सॉकेट ऑप्शन्सची ओळ, बफर (डेटा तात्पुरता ठेवायची जागा) ८१९२ बाइट करायला सांगणारी, तीही डोळे झाकून चिकटवली. ढिम्म फरक नाही.

खरं तर ११ हा आकडाच चुगली करत होता. आठ बिटचा एक बाइट, म्हणून १०० मेगाबिटला आठाने भागा, थोडी घट धरा, एवढेच एमबी उरतात. एथटूल या लिनक्सच्या कमांडने पाहिलं तर नेटवर्कची लिंक खरंच १०० मेगाबिटवर. कार्ड गिगाबिट (म्हणजे १००० मेगाबिट), स्विच गिगाबिट, मग घोडं अडलं कुठे? वायरीचं टोक खिडकीच्या उजेडात धरलं, तर आठपैकी चारच तारा जॅकमध्ये! उरलेल्या चारांवर वायरमनने रिसेप्शनचा बिलिंगचा कॉम्प्युटर चालवला होता. १०० मेगाबिटला चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. दोन्ही टोकांना नवे जॅक मारले.

तरी वेग ६० एमबीच्या आसपासच घुटमळत होता. आयपर्फ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रामने नुसतं नेटवर्क मोजलं तर ९४० मेगाबिट, चोख. म्हणजे खोट सर्व्हरच्याच सेटिंगमध्ये. चिकटवलेली ती ओळ काढली आणि काटा ११२ एमबीवर गेला. आजचं लिनक्स बफर गरजेप्रमाणे स्वतःच वाढवतं. आपण आकडा ठोकून दिला की त्याचे हात बांधले जातात. दोन तासांचं काम आता बारा मिनिटांत होतं.

छोट्या फाइलींचं दुखणं वेगळं. सगळ्या लग्नांचे प्रूफ (गिऱ्हाइकाला दाखवायचे छोटे फोटो) आम्ही एकाच फोल्डरमध्ये कोंबत होतो, चाळीसेक हजार फाइली. विंडोजला फाइलच्या नावात कॅपिटल-स्मॉल एकच, लिनक्सला वेगळं. त्यामुळे नवी फाइल आली की तेच नाव दुसऱ्या रूपात आधीच नाही ना, हे बघायला सांबा अख्खा फोल्डर चाळतं. त्यावर सेटिंग आहे, पण मी त्याच्या नादी लागलो नाही. लग्नागणिक फोल्डर केला, काम भागलं. रॅम १६ जीबी केली तीही वसूल झाली. उघडलेल्या फाइली रॅममध्ये राहतात, त्यामुळे सकाळी एकदा उघडलेलं लग्न दुपारी डिस्कला फारसा हात न लावता येतं.

पैसे वाया गेले ते बॅकअपच्या डिस्कवर. स्वस्त दिसली म्हणून घेतली, पण ती शिंगल्ड निघाली. खोक्यावर तसा एक शब्द नव्हता. त्यात ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात. एक कौल बदलायचं तर शेजारची उचकटावी लागतात, तसंच इथे लिहिताना. सुरुवातीला झोकात पळते, मग वेग २०-२५ एमबीवर येतो. सध्या रात्री बॅकअप लावून घरी जातो.

२.५ गिगाबिटचं कार्ड घ्यायचा मोह अजून आहे, पण आमच्या डिस्कच सेकंदाला दीडशे एमबीच्या पुढे फारशा जात नाहीत. त्यापेक्षा रिसेप्शनला स्वतंत्र वायर ओढणं निकडीचं आहे. चार तारा काढून घेतल्यापासून बिलिंग वायफायवर आहे आणि रोज संध्याकाळी काउंटरवरून हाक येतेच, "दादा, बिल परत अडकलं!"