पालखेडचा पट सातवीच्या वर्गात: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मुलांना पानिपत हवे असते. तरी वर्गातला पहिला युद्धपट, म्हणजे पटावर खेळायचा लढाईचा खेळ, पानिपतचा करू नये. 14 जानेवारी 1761 च्या आधीच्या अडीच महिन्यांत उपासमारीने बरेच काही ठरून गेले होते, आणि पटावर मात्र मुले सोंगट्या एकमेकांवर ढकलून फासे टाकत बसतात. पालखेड उलट आहे. फेब्रुवारी 1728 मध्ये बाजीरावांनी निजामाला वैजापूरजवळ पालखेडला गाठले, ते जवळजवळ न लढता. अंतर, पाणी, तोफांचे ओझे आणि खोटी बातमी, सगळा खेळ एवढ्यावर. हे चारही पटावर नेमके मांडता येते. म्हणून मुंबईतल्या साठ मुलांच्या वर्गात आम्ही जूनपासून जानेवारीपर्यंत हाच पट चालवला.

नकाशा ए-थ्री कागदावर. आडवी 12 आणि उभी 16 षटकोनी घरे, प्रत्येक घर दोन सेंटिमीटर रुंद, खाली उरलेल्या पट्टीत फेऱ्यांची नोंद. एक घर म्हणजे 20 किलोमीटर, एक फेरी म्हणजे दोन दिवस. पुणे ते औरंगाबाद सरळ रेषेत साधारण 215 किलोमीटर, म्हणून मध्ये 11 घरे. निजाम औरंगाबाद वाचवायला पुण्यातून निघतो, बाजीराव गुजरातेकडून परतून खानदेशाच्या कडेवर. निजामाकडे तीन सैन्ये, एक तोफखाना, एक रसद. मराठ्यांकडे चार सोंगट्या, त्यांतल्या दोन खऱ्या घोडदळाच्या आणि दोन निव्वळ हूल. घोडदळ फेरीला चार घरे जाते, तोफांविना सैन्य दोन, तोफांसह एकच. गोदावरी ओलांडताना तोफखान्याची एक फेरी वाया जाते. आठ फेऱ्यांत निजाम औरंगाबादेत पोचला नाही आणि घोडदळ शहरापासून दोन घरांच्या आत असले, तर शहर गेले. तोफा ज्या घरात आहेत त्याच्या शेजारच्या घरात घोडदळाला येता येत नाही. मात्र तोफांविना सैन्य कोरड्या घरात सापडले आणि दोन्ही खरी घोडदळे सलग दोन फेऱ्या त्याला चिकटून राहिली, तर निजामाने तह करायचा.

या आकड्यांना हात लावताना जपा. सुरुवातीला आम्ही तोफांनाही दोन घरे दिली होती. मग कोणताच निजाम तोफा मागे ठेवेना, कारण ठेवण्याची गरजच उरली नव्हती, आणि पालखेड काही घडेना. एक घर केल्यावर हिशेब मुलांना स्वतःच लागला: तोफांसह 11 फेऱ्या आणि वर नदीची एक, तोफांविना सहा. आता तोफा सोडल्या तर वेढ्याची भीती, न सोडल्या तर शहर जाते. खऱ्या निजामापुढचा पेच हाच होता. पाठ्यपुस्तकात अर्ध्या ओळीत संपणारी ही गोष्ट निजामाच्या बाजूची मुले दहा-दहा मिनिटे घासतात. सोंगटीवरचा आकडा चुकला की मुले इतिहासच चुकीचा शिकतात, आणि तो पक्का लक्षात ठेवतात.

बातमी लपवणे दुसरे महत्त्वाचे अंग. 1824 साली प्रशियाच्या सैन्यातील लेफ्टनंट फॉन राइसवित्झ यांनी अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी जो युद्धपट मांडला, त्यात पंच होता आणि शत्रू कुठे आहे ते खेळणाऱ्याला पंचाकडूनच कळे. आम्ही तेच घेतले. सहा मुलांचा गट: दोघे निजाम, दोघे बाजीराव, एक पंच, एक नोंदी ठेवणारा. नकाशे तीन, मध्ये पुठ्ठ्याची आड. चाली चिठ्ठीवर लिहून पंचाकडे जातात. दर फेरीला निजाम हेरासाठी एक फासा टाकतो: 1-2 पडले तर बातमी नाही, 3-4 ला मागच्या फेरीतली जागा, 5-6 ला खरी जागा. मागच्या फेरीची बातमी सर्वांत घातक ठरते, कारण ती खोटी नसते. हुलीच्या सोंगटीचीही जागाच कळते, ती हूल आहे हे कळत नाही. पंच मुलांना आदल्या दिवशी अर्धा तास वेगळे बसवून शिकवावेच लागते. तेवढे केले नाही तर दहा गटांतले दहा पंच एकाच वेळी शिक्षकांना हाका मारतात.

वेळ तीन तासिकांचा, प्रत्येकी 35 मिनिटे. पहिलीत चार फेऱ्या, दुसरीत चार, तिसरीत फक्त चर्चा. फेरी पाच मिनिटांची; मांडायला आठ आणि आवरायला चार मिनिटे जातात. घरांना क्रमांक दिलेले हवेत, म्हणजे पहिल्या तासिकेअखेर जागा चिठ्ठीवर लिहून पट उचलता येतो. मोबाइलवर फोटो काढू म्हणाल, तर वर्गात मोबाइल नसतो. तिसरी तासिका अभ्यासक्रम मागे पडला म्हणून कापायचा मोह होतो. ती कापली तर हा सापशिडीचाच थोरला भाऊ.

आता सामान. कागदी सोंगट्या पंख्याखाली उडतात आणि मुंबईत पंखा बंद ठेवता येत नाही. भुलेश्वरला मिळतात तशी दीड सेंटिमीटरची कोटाची बटणे घ्यावीत; गटाला 18 लागतात, नऊ खेळणाऱ्यांना आणि नऊ पंचाला. लॅमिनेशन करताना कागदाभोवती पाच मिलिमीटर प्लास्टिकची कड सोडायला सांगा, अगदी कागदाला लागून कापले तर जुलैत कडेने ओल शिरते आणि नकाशा फुगतो. पुसता येणाऱ्या मार्करच्या खुणा घामेजल्या तळव्यांनी जातात, म्हणून नोंद कागदावरच. उतरत्या बाकावर फासा घरंगळतो. खोक्याच्या झाकणात टाकावा, आवाजही कमी होतो.

निजाम व्हायला कुणी तयार नसते. नाणेफेक करावी आणि पुढच्या खेपेला बाजू बदलाव्यात. शिवाय मुले याला दोन धर्मांची लढाई समजू लागतात, त्यासाठी निजामाच्या एका सैन्याच्या सोंगटीवर आम्ही ‘कोल्हापूरकर’ लिहिले. शाहूंचे चुलतभाऊ, कोल्हापूरचे संभाजीराजे निजामाबरोबर होते, मराठा सरदार चंद्रसेन जाधवही. भांडण दख्खनच्या चौथाई-सरदेशमुखीचे होते, आणि 6 मार्च 1728 च्या मुंगी-शेवगावच्या तहात निजामाने मान्य केला तो छत्रपती शाहूंचा हाच हक्क.

पटाची मोठी उणीव गावांची. घोडदळ ज्या गावांवर जगले ती गावे नकाशावर नुसती रिकामी घरे असतात. दिवाळीनंतर एक नियम घातला: घोडदळ एका घरात सलग दोन फेऱ्या थांबले की ते घर उजाड, तिथे पुन्हा कुणालाही थांबता येत नाही. त्यामुळे वेढाही महाग झाला, आणि चर्चेत मुले प्रथमच त्या घरात कोण राहत होते ते विचारू लागली.

वसईचाही पट करून पाहिला, कारण किल्ला लोकलने जाऊन बघता येतो. पण 1739 चा वेढा फेब्रुवारीपासून मेपर्यंत चालला, आणि पटावर पोर्तुगीज बाजूला बसून राहण्यापलीकडे काम उरत नाही. वसईला मुलांना किल्ल्यावरच न्यावे. सुरुंग लावलेल्या बुरुजापाशी उभे राहून जे कळते त्याला सोंगटी लागत नाही.