‘तिबेटियन मास्टिफ’ सांगून भोटिया गळ्यात मारला: 1,03,700 रुपये गेले

तिबेटियन मास्टिफ या मोठ्या जातीच्या कुत्र्याचं पिल्लू म्हणून फोनवरच सौदा केला. आकडे आधी. टोकन 15,000, उरलेले 50,000, वाहतूक आणि पिंजरा 11,500, ‘पेपर’चे, म्हणजे जातीच्या कागदांचे, 8,000. पिल्लू आल्यावर तिसऱ्या दिवशी पार्व्होच्या (पिल्लांच्या आतड्यांना होणाऱ्या विषाणूच्या रोगाच्या) उलट्या-जुलाब सुरू झाले, त्याच्या उपचाराला 19,200. हाती आला भोटिया, म्हणजे मेंढरं राखणारा पहाडी कुत्रा, तोही बहुधा मिश्र.

मी डोळे झाकून पैसे दिले नव्हते. केनेल क्लबचे (जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचे) कागद, आईचे फोटो, लसींचं कार्ड, सगळं मागितलं आणि सगळं आलं. पण फोनवर विक्रेता बोलून गेला, “साहेब, ही मादी वर्षाला दोनदा पिल्लं देते, लाइन दमदार आहे.” तिथेच फोन ठेवायला हवा होता! तिबेटियन मास्टिफची मादी साधारणपणे वर्षातून एकदाच माजावर येते, तीही बहुधा पावसाळा सरल्यावर, आणि पिल्लं थंडीत होतात. माझं पिल्लू जुलैतलं. हे सगळं मला माहीत होतं. तरी अर्ध्या तासात टोकन आलं नाही तर पिल्लू दुसऱ्याला जाईल म्हणाला, आणि मी यूपीआय उघडलं. घाई करणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

कार्डावर वय 60 दिवस. डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिलं. दोन महिन्यांच्या पिल्लाला दुधाचे 28 दात हवेत, इथे मागच्या दाढा फुटायच्याच होत्या. जेमतेम पाच आठवड्यांचं पोर आईपासून तोडलेलं. दात व्हिडिओ कॉलवर दाखवायला लावा, आईसुद्धा लाइव्ह कॉलवरच, फोटोत नाही. पार्व्होची लक्षणं लागण झाल्यावर साधारण तीन ते सात दिवसांनी दिसतात, म्हणजे रोग तिकडूनच आला होता. मायक्रोचिपचा (कातडीखाली बसवलेल्या ओळखीच्या चिपचा) क्रमांक 15 आकडी असतो, माझ्या कागदावर 14 होते. मी मोजलेच नाहीत. स्कॅनर फिरवला तर चिपच नाही.

विक्रेत्याला जाब विचारला की एकच उत्तर, “तिबेटी उशिरा भरतो.” अर्धं खरं आहे, म्हणून तर माणूस फसतो. नर पूर्ण भरायला चार वर्षं लागतात, पण भरतं ते अंग, डोकं आणि मानेची आयाळ. उंची बहुतेक दीड वर्षात येऊन जाते. जातीच्या मानकाप्रमाणे नर खांद्यापाशी किमान 66 सेंमी, मादी 61. माझा 18 महिन्यांचा नर 59 सेंमी आणि 34 किलो. डोळ्यांवरचे तांबूस ठिपके आणि पाठीवर वळलेली शेपूट तिबेटी आणि भोटिया दोघांनाही असते, त्यावर जाऊ नका.

चौकीत सांगितलं, ही दिवाणी बाब. भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचंच आहे ना? सायबरवाले म्हणाले, कुत्रा मिळाला ना, मग फसवणूक कसली! आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या 2017 च्या नियमांनी बंदी आहे, विक्रेत्याची नोंदणी लागते, हे लिहून प्राणी कल्याणाचं काम पाहणाऱ्या कार्यालयात दोन अर्ज दिले. पहिल्याची पोच नाही. दुसऱ्यावर विचारलं, “कुत्रा आजारी आहे का आता?” नाही म्हटलं तर फाइल बंद. म्हणजे तो मेला असता तर ऐकलं असतं? पैसे गेल्याचं कळताक्षणी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मी अकरा दिवसांनी केला. ग्राहक आयोगात जायचं तर चॅट, व्हॉइस नोट, कार्ड, काहीही पुसू नका.

जाता जाता त्या विक्रेत्याने कॅल्शियमची बाटलीही सुचवली होती, “हाड मोठं होईल.” मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लाला वरून कॅल्शियम दिलं तर हाडं आणि सांधे बिघडतात. मोठ्या जातीच्या पिल्लांचा आहार द्या, पोट सुटू देऊ नका, जिना आणि उड्या टाळा. कुत्र्याचा यात काही दोष नाही. भोटिया हा मेंढरं राखणारा पहाडी राखणदारच, रात्रभर भुंकणार, त्याला आवार आणि जाड कुंपण हवं. फिरवणं पहाटे आणि सूर्य मावळल्यावर. उन्हाळ्यात खालची लोकर विंचरून काढा, पण मशीन लावून भादरू नका. वरचा केस उन्हालाही अडवतो आणि भादरलेला पुन्हा नीट येईलच असं नाही.